हुकुमाचा कागद वाचताना

पिशोरच्या पोलीस ठाण्याच्या किंवा कन्नडच्या तहसील कचेरीच्या फलकावर वर्षातून अनेक वेळा एकाच घाटणीचा कागद लागतो. सण तोंडावर आला, निवडणूक जाहीर झाली, एखाद्या मागणीसाठी मोर्चे निघू लागले, की महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीने मनाईहुकूम निघतो. शस्त्रे, लाठ्या, दगड बाळगण्यास, प्रक्षोभक घोषणा देण्यास आणि परवानगीवाचून पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमण्यास त्यात बंदी असते, आणि बाजाराला आलेला माणूस त्यावरून ओझरती नजर फिरवून आपल्या वाटेने निघून जातो. राष्ट्राची सुरक्षा आणि नागरिकाचे स्वातंत्र्य यांच्या वादातून कायदा व समाज यांचा संबंध ज्या विद्यार्थ्यास अभ्यासावयाचा आहे, त्याने दिल्लीच्या घटनापीठांचे जाडजूड निर्णय उघडण्यापूर्वी हा कागद स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घ्यावा, अशी माझी पहिली सूचना आहे.

उतरवून झाल्यावर त्या कागदाला काही प्रश्न विचारावेत. हुकूम कोणी काढला आणि तो काढण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास कोणत्या कलमाने दिला. त्या कलमाने घातलेल्या अटी हुकुमात पाळल्या आहेत काय. कारण म्हणून जे लिहिले आहे ते या गावचे, या आठवड्याचे आहे, की मागल्या वर्षीच्या हुकुमातून जसेच्या तसे उचलले आहे. तो किती दिवस चालेल. आणि तो अन्यायाचा वाटल्यास कोणाच्या दारात जावयाचे. यांपैकी मुदतीचा प्रश्न विद्यार्थी हमखास विसरतो. जमाव व मिरवणुका यांवरील कलम ३७ ची बंदी राज्य शासनाच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांहून अधिक चालू शकत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १४४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाले, त्याखालील हुकूम दोन महिन्यांनी संपतो आणि राज्य शासनानेच वाढविला तर आणखी सहा महिने टिकतो. ज्या विधिमंडळाने अधिकाऱ्याच्या हाती एवढी शक्ती दिली, त्यानेच तिच्या गळ्यात ही मुदतीची दोरी बांधली, आणि त्या दोरीची लांबी मोजणे हेच अभ्यासकाचे पहिले काम होय.

हे काम किती मोलाचे आहे, हे आपल्याच मराठवाड्यातील एका प्रकरणावरून दिसेल. २०२० च्या जानेवारीत बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या विरोधात शांततेने धरणे धरण्याची परवानगी काही नागरिकांनी मागितली. कलम ३७ चा मनाईहुकूम जारी आहे, या कारणावरून पोलिसांनी ती नाकारली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि न्यायमूर्ती नलावडे व न्यायमूर्ती सेवलीकर यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये तो हुकूम आणि ती नकारघंटा दोन्ही रद्द ठरविली. हुकूम दिसावयास सर्वांना लागू असला, तरी त्याचा खरा रोख एका विशिष्ट आंदोलनावर होता, असा न्यायालयाने निष्कर्ष काढला; एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यास केवळ त्या विरोधापायी देशद्रोही म्हणता येणार नाही, हेही स्पष्ट केले. हा निर्णय मुळातून वाचावा. पण वाचताना तो आपल्या मताच्या बाजूने आहे की विरुद्ध, हा विचार क्षणभर दूर ठेवून, न्यायाधीशांनी त्या हुकुमातील कारणांचा परिच्छेद कसा सोलून पाहिला, तिकडे लक्ष द्यावे. आणि लगेच त्याच्या शेजारी नागपूरच्या बाबूलाल पराते यांचे प्रकरण ठेवावे. १९५६ च्या जानेवारीत एम्प्रेस मिलच्या कामगारांतील दोन संघटनांच्या तंट्यावरून नागपूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्याने कलम १४४ लावले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ते कलम घटनेशी सुसंगत ठरविले. तो निर्णय न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिला आहे. एकाच घाटणीचा अधिकार नागपुरास टिकला आणि माजलगावास टिकला नाही, याचे उत्तर जो स्वतःच्या शब्दांत एका पानात लिहू शकेल, त्याला या विषयाची किल्ली सापडली असे मी समजेन.

ही सूचना मी आग्रहाने करीत आहे, कारण आपल्या महाविद्यालयांतून या विषयाचा जो अभ्यास होतो तो बहुधा वादविवाद स्पर्धेच्या वळणाने होतो. एक वक्ता सीमेवरच्या जवानाचे नाव घेतो, दुसरा मूलभूत हक्कांचे. टाळ्या पडतात, ढाल कोणी तरी नेतो, आणि कोणाच्याही ज्ञानात भर पडत नाही. राज्याला आपले रक्षण करता आले पाहिजे याविषयी शहाण्या माणसांत दुमत नाही, आणि माणसास विनाकारण डांबून ठेवू नये याविषयीही नाही. मतभेद उत्पन्न होतो तो, डांबणाऱ्याने आपली कारणे कोणाला, किती दिवसांत आणि किती उघडपणे सांगावयाची, या एका प्रश्नावर. माझ्या मते संपूर्ण विषयाचा कणा हाच आहे, आणि ज्या विद्यार्थ्याने प्रत्येक कायदा, प्रत्येक खटला, प्रत्येक विधेयक या एका प्रश्नाने तपासण्याची सवय लावून घेतली, त्याला पक्षाच्या घोषणा ओळखण्यासाठी वेगळे शिक्षण लागणार नाही.

आपल्या मुलखातील विद्यार्थ्यास या अभ्यासासाठी एक मोठी अनुकूलता आहे, ती म्हणजे येथील इतिहास. कन्नड तालुका १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात फर्मान, जरीदा (राजपत्र) आणि गश्ती (परिपत्रक) यांच्या द्वारे कारभार चाले, आणि गश्ती निशाण ५३ या नावाने प्रसिद्ध असलेल्या परिपत्रकाने सार्वजनिक सभा भरविण्यासाठी सरकारी परवानगीचे बंधन घातले होते. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, १९३८ च्या सप्टेंबरात, बेकायदा ठरविण्यात आली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाची पहिली तुकडी पुढे आली, स्वामी रामानंद तीर्थ कारावासात गेले, आणि ती बंदी १९४६ पर्यंत उठली नाही. १९३८ सालीच औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील आणि उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी आपल्या शिक्षणावर पाणी सोडले. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ पत्रावर संस्थानात बंदी आली, तेव्हा त्यांनी नावे बदलून ते चालू ठेवले. या प्रत्येक दमनाला त्या काळच्या सरकारने जे कारण दिले ते सार्वजनिक सुरक्षिततेचे व जातीय शांततेचे होते, हे विद्यार्थ्याने टिपून ठेवावे; आणि ते सर्वस्वी खोटे होते असे न मानता, त्यात भयाचा अंश किती, सत्ता टिकविण्याची इच्छा किती, हे कागदपत्रांतून शोधावे.

याच इतिहासाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे वाचावी लागते. १९४७–४८ च्या त्या वर्षात, लातुरास वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी जेव्हा गावेच्या गावे लुटली, तेव्हा आपल्या लोकांनी राज्ययंत्रणेच्या जुलमाबरोबरच, रक्षण करणारी यंत्रणाच नसल्याचे दुःखही भोगले. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले, आणि २२ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांची हैदराबादेत हत्या झाली, लेखनस्वातंत्र्य नुसत्या सरकारी बंदीनेच मरते असे नाही, हे त्यांच्या मृत्यूवरून कळते. आणि भारत सरकारच्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातील व लगतच्या जिल्ह्यांतील मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले, त्याची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांचे शिष्टमंडळ आले. मृतांची संख्या त्यांनी सत्तावीस ते चाळीस हजार अंदाजली आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड यांची नावे घेतली. तो अहवाल कित्येक दशके लोकांच्या दृष्टीआड राहिला. मला हे सांगताना क्लेश होतात. पण जे राज्य आपल्या मुक्तीसाठी आले, त्याच्याही कारभाराचा हिशेब मागण्याचा अधिकार ज्याला मान्य नाही, त्याने निजामाच्या गश्तीवर टीका करण्यात अर्थ नाही.

इतिहासानंतर घटनेकडे वळावे, आणि तेही नुसते अनुच्छेद पाठ करून नव्हे. अनुच्छेद २१ व २२ यांचा जन्म संविधान सभेच्या चर्चेत पाहावा. आजचा अनुच्छेद २१ मंजूर करताना ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढेच बंधन विधिमंडळावर घातले गेले, त्याने पुष्कळ सभासद अस्वस्थ झाले होते. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला, तोच आजचा २२. त्यात अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे हक्क आहेत, आणि त्याच अनुच्छेदात खटल्यावाचून स्थानबद्ध करण्याची सोयही आहे. बक्षी टेकचंद, ठाकूरदास भार्गव यांनी त्यावर केलेली कठोर टीका आणि आंबेडकरांनी दिलेली उत्तरे एकाच बैठकीत वाचावीत. स्वातंत्र्य मिळवून दोनच वर्षे झालेली, स्वतः तुरुंगात राहून आलेली ही माणसे, स्थानबद्धतेची तरतूद आपल्या हाताने घटनेत का घालीत होती, या प्रश्नावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल.

आता ज्या प्रकरणाविषयी मला सर्वांत अधिक सांगावयाचे आहे त्याकडे येतो. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनच्या आक्रमणामुळे आणीबाणी जाहीर झाली आणि ती १९६८ च्या जानेवारीपर्यंत उठली नाही. त्या काळात महाराष्ट्र सरकारने भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना मुंबईच्या जिल्हा तुरुंगात स्थानबद्ध केले. तेथे त्यांनी सरकारच्या परवानगीनेच ‘अणूच्या अंतरंगात’ नावाचे मराठी पुस्तक लिहिले. विषय शुद्ध शास्त्राचा. हस्तलिखित प्रसिद्धीसाठी बाहेर पाठवू द्यावे, अशी त्यांनी मागणी केली. सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी काय केले असेल? त्यांनी त्या पुस्तकाची अनुक्रमणिका मागवून वाचली, आणि यातील मजकूर निव्वळ शास्त्रीय असून त्याने देशाच्या संरक्षणास बाधा पोचत नाही, अशी खात्री करून घेऊन हस्तलिखित सोडण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याचे म्हणणे असे की, स्थानबद्ध माणसास नियमांनी जेवढ्या सवलती दिल्या तेवढ्याच त्याच्या पदरात पडतात, आणि पुस्तक बाहेर पाठविण्याची सवलत नियमांत कोठेही नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी हा युक्तिवाद उलटा केला. स्थानबद्धतेच्या अटी हे निर्बंध आहेत, ते सवलतींचे दानपत्र नव्हे. जो निर्बंध नियमांत लिहिला नाही तो अधिकाऱ्याला घालता येत नाही. आणि अनुच्छेद ३५९ खालील राष्ट्रपतींच्या आदेशाने न्यायालयाचे दार बंद झाले असले, तरी कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर जाऊन केलेली कृती त्या बंद दाराच्या आडोशाला येत नाही. सरकारचे अपील फेटाळले गेले.

या निर्णयाची तारीख आहे ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सेनेने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली. युद्ध पेटले असताना, कैदेत ठेवलेल्या एका विरोधकाच्या मराठी पुस्तकाचा विचार या देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने इतक्या बारकाईने केला, याचा मराठी माणसास अभिमान वाटावा, आणि आपल्या शाळा-महाविद्यालयांतून ही कथा कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. दुसऱ्याच दिवशी त्याच न्यायालयाने डॉ. राममनोहर लोहियांची स्थानबद्धताही रद्द केली. नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण होते; पाटण्याच्या हुकुमात ‘कायदा व सुव्यवस्था’ असे लिहिले होते. वरवर पाहता भेद क्षुल्लक. परंतु न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तीन वर्तुळांची कल्पना मांडली: सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षेचे. बाहेरच्या वर्तुळात घडलेली प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळास स्पर्श करतेच असे नाही. दोन माणसांची मारामारी हा कायद्याचा भंग आहे, त्याने गावाचे जीवन विस्कळीत होतेच असे नाही, आणि देश धोक्यात येतो असे तर मुळीच नाही.

ही वर्तुळे ग्रंथात पडून राहिलेली नाहीत. महाराष्ट्रात १९८१ साली झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे व्यापारी व धोकादायक व्यक्ती यांच्याविरुद्ध जो कायदा झाला, ज्याला आता ठाण्यापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे ‘एमपीडीए’ म्हणतात, त्याखाली जिल्हाधिकारी वा पोलीस आयुक्त माणसास बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करू शकतात. स्थानबद्धतेची कारणे पाच दिवसांत कळविली पाहिजेत, हुकुमास बारा दिवसांत शासनाची मान्यता मिळाली पाहिजे, प्रकरण तीन आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे गेले पाहिजे आणि मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत आला पाहिजे. औरंगाबाद खंडपीठापुढे या हुकुमांना आव्हान देणाऱ्या याचिका सातत्याने येतात, आणि ‘ही कृत्ये फार तर कायदा व सुव्यवस्थेची बाब आहेत, सार्वजनिक सुव्यवस्थेची नव्हेत’ हा लोहिया प्रकरणातला मुद्दा तेथे आजही हुकूम पाडतो. असे दहा-पंधरा अलीकडचे निर्णय घेऊन, कोणत्या कारणाने हुकूम टिकला व कोणत्या कारणाने पडला, याचा तक्ता करणे हा पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आणि अत्यंत फलदायी असा प्रकल्प आहे. ज्याला याहून साधी सुरुवात हवी त्याने तडीपारीचे हुकूम घ्यावेत: पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली दोन वर्षांपर्यंत हद्दपारी, तत्पूर्वी कलम ५९ ची नोटीस, आणि हुकुमाविरुद्ध तीस दिवसांत शासनाकडे अपील.

आणखी एक ओळखीची वाट आहे ती चॅप्टर केसची, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्राची, जी आपल्याकडे तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने चालवितात. १९१६ साली पुण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्याने लोकमान्य टिळकांकडून बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांबद्दल वीस हजारांचे जातमुचलके आणि दहा हजारांचे दोन जामीन मागितले, ते याच कुळातील कलमाखाली. उच्च न्यायालयात बॅ. जिना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द झाला. टिळकांचे १८९७ व १९०८ चे राजद्रोहाचे खटले सर्वांना माहीत असतात. हा तिसरा, जो त्यांनी जिंकला, कोणी वाचीत नाही.

१९७५ च्या आणीबाणीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात सांगतो. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांना दाद मागता येते असे ठरविले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी, ए.डी.एम. जबलपूर प्रकरणात, ते सर्व पुसून टाकले. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे भिन्नमत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे, आणि त्याची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद गमावून मोजली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांना आणीबाणीतही हात लावता येणार नाही असे केले, आणि २०१७ साली खाजगीपणाच्या हक्काच्या निर्णयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या वडिलांचे ते मत चुकीचे ठरविले. विद्यार्थ्याने प्रथम बहुमताचे निकालपत्र वाचावे आणि नंतर खन्नांचे, कारण ज्याने बहुमताचा युक्तिवाद किती सुसंगत व विद्वत्तापूर्ण दिसतो हे अनुभवले नाही, त्याला भिन्नमताचे धैर्य समजत नाही. समाजाचा प्रतिसाद पाहावयाचा तर कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनातील अध्यक्षा दुर्गाबाई भागवत, नागरी स्वातंत्र्यासाठी लोकसंघटना उभारणारे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे, आणि स्थानबद्धता भोगलेले ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव यांच्याकडे वळावे.

येथवर वाचून कोणास असे वाटेल की मी विद्यार्थ्यास सरकारविरोधी वकील करू पाहत आहे. तसे नाही. जो अभ्यासक सुरक्षेची बाजू तिच्या सर्वांत बळकट स्वरूपात मांडू शकत नाही, त्याचा अभ्यास अर्धवट आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हाती केवळ लाठी असताना अजमल कसाबची बंदूक छातीवर झेलून धरून ठेवली, आणि प्राण दिला. त्या बलिदानामुळे एक हल्लेखोर जिवंत सापडला, आणि तो जिवंत सापडल्यामुळेच खुल्या न्यायालयात पुरावा मांडणे शक्य झाले. त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला. मे २०१० मध्ये विशेष न्यायाधीश ताहिलियानी यांनी फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये ती कायम केली, आणि नोव्हेंबरात येरवड्यास ती अमलात आली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले, आणि ती सुटका वरच्या न्यायालयांतही टिकली. सुरक्षा व न्यायपद्धती एकमेकींच्या वैरिणी आहेत असे जो म्हणतो, त्याच्यापुढे हा खटला ठेवावा.

आपल्या जिल्ह्याचे जुने नाव लागलेले औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण मात्र इतके सरळ नाही, म्हणूनच ते अधिक अभ्यासण्याजोगे आहे. मे २००६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने चांदवड–मनमाड रस्त्यावर पाठलाग करून स्फोटके, रायफली आणि काडतुसे यांचा मोठा साठा पकडला. धोका कल्पित नव्हता. खटला १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखाली, म्हणजे मोक्काखाली, चालला, ज्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुराव्यात येतो, एरवी तो येत नाही. निकाल लागला २०१६ साली: बारा जण दोषी, आठ निर्दोष, आणि मोक्काचे आरोप टिकलेच नाहीत. दहा वर्षांनी सुटलेल्या त्या आठांचे काय, आणि शस्त्रे खरोखर शहरात पोचली असती तर काय, हे दोन्ही प्रश्न एकाच पानावर लिहिण्याची ताकद विद्यार्थ्यात यावयास हवी. याच संदर्भात बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातील जामिनाचे कलम ४३-ड(५) घ्यावे, आणि २०१९ चा वटाली, २०२१ चा नजीब व २०२३ चा व्हर्नन हे सर्वोच्च न्यायालयाचे तीन निर्णय त्याच क्रमाने वाचावेत. एकच कलम किती कठोर वा किती सौम्य वाचता येते ते आपोआप दिसेल.

साधनांविषयी दोन शब्द. निर्णय न्यायालयांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात, काही सर्वोच्च न्यायालयीन निर्णयांचे मराठी अनुवादही आहेत, परंतु प्रमाण पाठ इंग्रजीच असतो, हे लक्षात ठेवून भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ जवळ ठेवावा. माहितीच्या अधिकारात सुरक्षेची माहिती नाकारली जाऊ शकते, म्हणून नावे किंवा तपशील न मागता आकडे मागावेत: जिल्ह्यात वर्षभरात एमपीडीएचे किती हुकूम निघाले, सल्लागार मंडळाने किती मान्य केले, किती मागे घेतले गेले. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, उत्तर न आल्यास पहिले अपील. कन्नडच्या न्यायालयात व संभाजीनगरच्या खंडपीठात बसून सुनावणी ऐकावी. आणि माणसांना भेटावे: तडीपार झालेल्याच्या घरच्यांना, बंदोबस्तावर चौदा तास उभ्या राहिलेल्या शिपायाला, मिरवणुकीच्या दिवशी दुकान बंद ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला. भेटताना आपला हेतू आधी सांगावा, चोरून ध्वनिमुद्रण करू नये, चालू खटल्यातील माणसाचे नाव-गाव वहीतसुद्धा बदलून लिहावे आणि त्याच्या वकिलाला विचारल्यावाचून खटल्याच्या तपशिलाविषयी प्रश्न करू नये, कारण विद्यार्थ्याची टिपणे अशा माणसाला अडचणीत आणू शकतात.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर एक ताजे काम हाती घ्यावे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये प्रथम मांडले गेले, डिसेंबरात पुन्हा आले, चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांहून अधिक सूचना त्यावर आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. शहरी नक्षलवादास आळा घालण्यासाठी ते अवश्य आहे असे सरकारने सांगितले. विरोधकांनी व नागरी संघटनांनी त्यातील ‘बेकायदेशीर कृत्य’ या व्याख्येच्या विस्तारावर बोट ठेवले. मूळ मसुदा आणि संमत पाठ शेजारीशेजारी ठेवावेत, बदललेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढावी, संघटना बेकायदा ठरविण्याचा अधिकार कोणाला, कारणे कोणाला सांगावयाची, सल्लागार मंडळावर कोण बसणार आणि किती दिवसांत, हे समासात लिहावे; मग सभागृहातील चर्चेचा वृत्तांत काढून, सरकारच्या बाजूचे सर्वांत बळकट भाषण आणि विरोधाचे सर्वांत बळकट भाषण यांचा गोषवारा प्रत्येकी दोन पानांत करावा. एका सत्राचा अभ्यास त्यावर सहज होतो.